मेलेल्याचं कोर्ट वर, जित्याचं खाली

कोर्टाबाहेर टाइपिंगचं टेबल टाकून बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. खाजणातून चालत आल्यावर पायाला चिखल लागतो तसे ते लागतात. घरी येऊन कितीही पाय धुवा, थोडे नखांत राहतातच. माझ्या नखांत चाळीस वर्षांचे आहेत.

मी चौथी पास. टाइपिंग एका मोडक्या मशीनवर एकटीनं शिकले आणि कायदा रद्दीवाल्याकडच्या पुस्तकांतून. आज एलएलबी झालेली पोरं हळूच जवळ येऊन विचारतात, "मावशी, हे मॅटर कुठल्या कोर्टात लावू?" मी सांगते. फी ते घेतात. घेऊ देत! चुकले की परत माझ्याच टेबलाशी येतात.

लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे एक इमारत आणि एक साहेब. खुळे कुठले! वाटणी असते, आणि ती एकदाच सांगते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर फौजदारी. तिथे प्रत्येक साहेबाला पोलीस ठाणी वाटून दिलेली. ज्या ठाण्याची हद्द, त्याचं ठरलेलं कोर्ट. टाकलेल्या बायकोची पोटगीही तिथेच. पहिल्या मजल्यावर दिवाणी. जमीन, वारस, काडीमोड, सगळं तिथे. दाव्याची किंमत लहान तर धाकटे साहेब, मोठी तर थोरले साहेब. त्याच्या वर सत्र न्यायालय. खून, दरोडे आणि खालच्यांच्या निकालांवरची अपिलं. एवढं पाठ केलंत की अर्धे वकील झालात.

माणसांसाठी ही वाटणी अगदी बरोबर चालते. पण वसई-विरारच्या हद्दीत फक्त माणसंच राहतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

*

कामणच्या पुढे गोदामांची रांग आहे. तिथला एक वॉचमन तक्रार टाइप करून घ्यायला आला. उत्तरेकडचा, साधा माणूस. एका बंद गोदामाच्या आतून कोणीतरी ठोकतं म्हणाला. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. गोदाम कित्येक महिने बंद, कुलूप जागच्या जागी, आत एक खोकंसुद्धा नाही.

ग्लोरिया वकील तेव्हा माझ्या टेबलाशीच उभी होती. ग्लोरिया म्हणजे आमच्या वसईचीच पोरगी. नाकापेक्षा मोठा चष्मा आणि चष्म्यापेक्षा मोठा आवाज. तिनं विचारलं, "गोदाम कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं?"

नकाशा बघितला तर काय, हद्दीची रेघ गोदामाच्या बरोबर मधून! पुढचं शटर एका ठाण्याचं, मागची भिंत दुसऱ्या ठाण्याची. म्हणजे कोर्टंही दोन.

ग्लोरिया म्हणाली, "मग ठोकणारा नक्की कुठे उभा असतो ते बघून ये. पुढे असेल तर एक नंबर कोर्ट, मागे असेल तर तीन नंबर."

आठ दिवसांनी तो परत आला. तोंड सुकलेलं.

"क्या हुआ, देखा?" ग्लोरियानं विचारलं.

"देखा नहीं, मॅडम. पूछा."

"म्हणजे?"

"शटर को मुँह लगाके पूछा, आगे हो या पीछे?"

"मग?"

"दोनों तरफ से ठोका!"

ती तक्रार अजून माझ्या कम्प्युटरमध्ये आहे. कोर्टाच्या नावाची जागा कोरी.

*

सुंदरबाय अर्नाळ्याची. मासळी विकणारी, पन्नाशीची, माझ्यासारखीच तोंडाळ. म्हणून तर मला आवडली.

तिचा नवरा धर्मा सात वर्षांपूर्वी लहान होडी घेऊन एकटाच दर्यात गेला. होडी सापडली किल्ल्याच्या बेटामागे. जाळं नीट घडी घालून ठेवलेलं, डब्यातली भाकरी अर्धी खाल्लेली. धर्मा नाही. होडी त्याच्या नावावर. परवान्याला त्याची सही हवी, नाहीतर तो मेल्याचा कागद हवा. तिच्याकडे दोन्ही नाही. होडी वाळूत पडून. उन्हानं फळ्या उललेल्या. दुसऱ्यांच्या होड्यांची मासळी डोक्यावर घेऊन ही बाई विरारला विकते आणि संध्याकाळी स्वतःच्या होडीला वळसा घालून घरी जाते.

माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाय, मना कंचा कोर्ट लागते?"

मी विचारलं, "नवरा जिवंत आहे की मेला?"

"ता मना म्हायती असता तर तुज्याकडं कशाला आली असती?"

माझं तोंड बंद करणारी माणसं कमी. ही त्यातली एक.

मी समजावून सांगितलं. "हे बघ. जिवंत असेल आणि तुला टाकून गेला असेल, तर पोटगी. ती तळमजल्यावर. सात वर्षं कोणालाच त्याची खबर नसेल, तर तो मेला असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं. ते पहिल्या मजल्यावर. दोन्ही मजल्यांवर एकदम उभं राहता येत नाही. काय ते एक ठरव."

"मी ठरवू?" ती म्हणाली. "मी ठरवला तर मीच त्याला मारला ना!"

शेवटी मरणाचाच दावा टाइप केला. ग्लोरियानं तो बिनफी घेतला. तीन महिन्यांनी कळलं, बाईनं त्याच्या आधीच कोणाच्या तरी सांगण्यावरून तळमजल्यावर पोटगीचा अर्ज लावून ठेवलेला! खाली धर्मा जिवंत, वर धर्मा मेलेला.

ग्लोरियानं कपाळावर हात मारून घेतला. "जेजू! सुंदरबाय, हे काय केलंस तू?"

"दोनी ठिकानी जाला टाकला," सुंदरबाय शांतपणे म्हणाली. "जिकडं गावंल तिकडं गावंल."

*

माझं टेबल म्हणजे न्हाव्याची खुर्ची. दोन्ही पक्ष त्याच खुर्चीत बसतात, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. हा नियम मी जन्मात एकदाच मोडला.

एव्हरशाईन सिटीतलं एक जोडपं. काडीमोडाचे कागद टाइप करायला सकाळी नवरा आला, दुपारी बायको. एकमेकांना पत्ता नाही. दोघंही चांगल्या नोकरीतली, दोघांचाही आवाज रडवेला.

नवऱ्याची मुख्य तक्रार अशी: बायकोनं आपल्या माहेरची एक म्हातारी विचारल्याशिवाय घरात आणून ठेवली आहे. ती दिवसभर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसते. विचारलं तर बायको भांडते.

दुपारी बायको सांगू लागली आणि माझी बोटं थांबली. "लिहा मावशी, यानं गावाकडची कोणीतरी म्हातारी आणून बसवलीय. स्वयंपाकघरात. भिंतीकडे तोंड करून."

मी खुर्चीवरून उठले, नवऱ्याला फोन लावला आणि दोघांना समोरासमोर उभं केलं. "आता सांगा, म्हातारी कोणाची?"

मग बायकोनं नवऱ्याचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा धरला असणार!

काडीमोड राहिला. आता विरारला भाड्यानं राहतात, गुण्यागोविंदानं. एव्हरशाईनच्या फ्लॅटला गिऱ्हाईक नाही, घर बंद आहे. दूधवाल्याला नको सांगायचं मात्र दोघंही विसरली.

दूधवाला म्हणतो, पिशवी रोज आत घेतली जाते.

*

आता पाटकर बेलिफ. समन्स बजावणारा माणूस. देवळातल्या प्रसादाचासुद्धा वास घेऊन मग तोंडात टाकणारा. भूतखेत म्हटलं की हसायचा.

खाडीकाठच्या दोन भावांचा वाडीवरून दावा होता. वाडीत विहीर. एक म्हणायचा, विहीर आटलेली, तिची किंमत शून्य. म्हणजे दावा लहान, धाकट्या साहेबांकडे. दुसरा म्हणायचा, विहिरीला तळच नाही, बारा महिने पाणी. म्हणजे दावा मोठा, थोरल्या साहेबांकडे. कोर्ट ठरेना. धाकट्या साहेबांनी सांगितलं, "जाऊन खोली मोजा." मोजायला कोर्टानं नेमलेला वकील, म्हणजे कमिशनर, आणि दोर धरायला पाटकर.

पाटकरनं दगड बांधून दोर सोडला. वीस हातांवर ठक्कन तळ लागला. खात्री म्हणून परत सोडला. वीस हात झाले, तीस झाले, दोर संपला तरी दगड खाली जातोच आहे!

कमिशनरनं दोन्ही मापं लिहून दिली. साहेब वैतागले. "यातलं खरं कुठलं? पाटकर, उद्या जाऊन तिसऱ्यांदा मोजा."

पाटकर हात जोडून म्हणाला, "साहेब, नोकरी घ्या. दोर मी परत सोडणार नाही."

"का?"

"दगडाला मी साधी गाठ मारली होती. वर आली ती दुसऱ्याच कोणाची तरी गाठ आहे!"

*

मोरेश्वर म्हणजे पहिल्या मजल्यावरचा पट्टेवाला. साहेब नाव सांगतात आणि हा दारात उभा राहून तीनदा पुकारा करतो. गळा असा, की रस्त्यापलीकडचा वडेवालासुद्धा दचकतो.

मध्यंतरी आमच्याकडे एक नवीन कोर्ट वाढलं. मग जुन्या कोर्टांनी आपापल्या काही फायली नव्याला द्यायच्या. मोरेश्वरनं गठ्ठे बांधले, मोजले, नेऊन ठेवले. तिथे मोजले तर एक फाईल जास्त! परत आणून मोजले, बरोबर. परत नेले, एक जास्त.

मी म्हटलं, "अरे, ती जास्तीची कुठली ते बघ ना उघडून."

"बघितली, मावशी. आत कोणाचं नाव नाही, तक्रार नाही. फक्त पुढची तारीख घातलीय."

"मग त्या तारखेला बघा, कोण येतंय ते."

"तेच तर! जुने शिपाई सांगतात, ती तारीख कधी येतच नाही. कधीही उघडा, ती पुढचीच असते."

*

तर सुंदरबायचं काय झालं?

तळमजल्यावरून धर्माच्या नावानं समन्स निघालं. सगळ्यांना ठाऊक होतं, "इसम मिळून आला नाही" असा शेरा मारून ते परत येणार. तोच शेरा ग्लोरियाला पहिल्या मजल्यावर दाखवायचा होता, की बघा साहेब, माणूस नाही. सुंदरबायची चूकच तिच्या कामी येणार होती.

समन्स घेऊन पाटकर अर्नाळ्याला गेला आणि संध्याकाळी परत आला. शेरा असा: बजावणी झाली. खाली सही.

ग्लोरिया त्याच्या अंगावर धावून गेली. "कोणाला देऊन आलास, पाटकर?"

"धर्माला."

"धर्मा सात वर्षांपूर्वी गेला!"

"ते मला काय ठाऊक? दुपारचे बारा वाजलेले. वाळूत होडी होती, होडीच्या सावलीत एक माणूस जाळं शिवत बसला होता. 'धर्मा तूच का?' म्हटलं. त्यानं हात पुढे केला. मी कागद दिला, त्यानं सही केली. माणूस होता, मॅडम. उठून उभा राहिला तेव्हा त्याची सावली पडली होती."

मी विचारलं, "सावली कशी काय बघितलीस रे?"

"विहिरीनंतर मी सगळ्यांची बघतो, मावशी."

सुंदरबायला सही दाखवली. तिनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "त्याचीच," म्हणाली. "डावरा होता. लिवताना हात घासायचा, शाई फरकटायची. ही बग, फरकटलीय."

मग एकदम चिडली. "जिता हाय तर होडीपर्यंत आला नि घरी नाय आला? धा पावलांवर घर हाय!"



वरच्या साहेबांसमोर प्रश्न आला. समन्स घेणाऱ्या माणसाला मेलेला कसं ठरवायचं? साहेब सरळ होते. म्हणाले, "खालची जी तारीख, तीच मी देतो. त्या दिवशी खाली पुकारा होईल, इथेही होईल. तो खाली हजर झाला, तर तो जिवंत. हा दावा संपला. नाही आला, तर समन्स दुसऱ्याच कोणीतरी घेतलं असं समजून मी निकाल देईन."

म्हणजे सुंदरबायचं सगळं त्या एका सकाळवर आलं. खाली धर्मा उभा राहिला, तर होडी त्याच्याच नावावर, जन्मभर वाळूत, आणि ही जन्मभर टाकलेली. नाही उभा राहिला, तर कागद हातात, होडी पाण्यात.

"बाय," ती मला म्हणाली, "सात वर्सं मी रोज कुंकू लावताना थांबते. लावू का नको? येक काय ता होऊन जाऊ दे."

*

त्या तारखेला ग्लोरिया तळमजल्यावर थांबली आणि सुंदरबाय वर जाऊन बसली. मी माझ्या टेबलाशी. एक जामिनाचा अर्ज घाईचा होता. टाइप करताना मी मान वर करत नाही. समोर कोण आलंय ते आवाजावरून आणि हातांवरून कळतं मला. 

अकराच्या सुमारास टेबलाच्या कडेवर दोन हात टेकले. बोटांवर दोरीच्या जुन्या चिरा. कातडी पांढरी, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

"बाय, माजा पुकारा खाली पन हाय, नि वर पन हाय. मी कंच्या कोर्टान जाव?"

"नाव?" मी विचारलं. सगळ्यांनाच विचारते.

"धर्मा."

माझी बोटं अर्ध्या शब्दावर थांबली.

मी कोणाला भिणारी बाई नाही. गुंडाला नाही, साहेबाला नाही, बिल्डरला तर मुळीच नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची माझी खोड. त्यापायी दोनदा मार खाल्लाय. पण त्या दिवशी मी मान वर केली नाही. त्या अर्ध्या शब्दाकडेच बघत राहिले. आजूबाजूला गर्दी होती, वकील धावत होते, झेरॉक्सचं मशीन चालू होतं. त्यात त्या दोन हातांखालचं माझं टेबल गार पडत चाललं होतं.

चाळीस वर्षं मी लोकांना त्यांचं कोर्ट सांगत आले. कधी चुकले नाही. आणि ह्याचं कोर्ट कुठलं ते तर मीच सांगितलं होतं, त्याच्या बायकोला. जिवंत असेल तर खाली. नसेल तर वर. विचारायचं एवढंच होतं, "बाबा, तू कोण आहेस?" ते माझ्यानं विचारवलं नाही. खाली म्हणाले असते, तर तो खाली गेला असता. माणूस विचारत होता, आणि मी सांगेन ते ऐकणार होता.

"वर," मी म्हटलं. "पहिला मजला. जिना चढलास की उजवीकडे."

"बरा," तो म्हणाला. हात टेबलावरून उचलले गेले.

मी तो जामिनाचा अर्ज पूर्ण केला. त्यात सात चुका झाल्या. माझ्या हातून!

साडेअकराला ग्लोरिया तळमजल्यावरून धावत बाहेर आली. "मावशी, खाली तीन पुकारे झाले. कोणी नाही!" आणि तशीच वर पळाली. बाराला खाली आली तेव्हा हसत होती, डोळे पुसत होती. साहेबांनी जाहीर केलं होतं. धर्मा मयत. होडी सुंदरबायची.

सुंदरबाय मात्र माझ्याकडे आली नाही. फाटकातून थेट बाहेर गेली. तिची चाल हळू होती, बरोबर कोणी असल्यावर चालतात तशी. मी हाक मारली नाही.

मग मोरेश्वर चहाला आला. ग्लास हातात धरून नुसताच उभा.

"काय रे? झाला ना निकाल?"

"झाला. मी पुकारा केला, मावशी. पहिल्याला कोणी नाही. दुसऱ्याला कोणी नाही. तिसऱ्याला..."

"तिसऱ्याला काय? आला कोणी?"

"नाही हो, कोणी नाही आलं. दारात मीच उभा होतो. साहेबांनी लगेच निकाल वाचला."

"मग अडखळतोस कशाला?"

मोरेश्वरनं चहा न पिताच ग्लास खाली ठेवला.

"तिसऱ्या पुकाऱ्याला सुंदरबाय सरकली. अख्ख्या बाकावर ती एकटीच होती, मावशी, तरी सरकली. एक माणूस बसेल एवढी जागा करून दिली."